तनहाई म्हणे!

युगुलगीत म्हटलं की आपल्या कानांना एक सवय असते. एकानं छेडायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं आणि शेवटी दोघांनी मिळून ध्रुवपदावर यायचं. ‘सिलसिला’तलं ‘ये कहाँ आ गए हम’ ही सवय पहिल्या मिनिटातच मोडतं. त्यातला पुरुष गात नाही, बोलतो. बाई गाते, पण त्याच्या बोलण्याला उत्तर म्हणून नव्हे. तो सांगतो की मी आणि माझी तनहाई, आम्ही दोघं अधूनमधून गप्पा मारत असतो. तू असतीस तर काय म्हणाली असतीस, कशाचं तुला नवल वाटलं असतं, कशावर किती हसली असतीस. आणि तिला यातलं काही ऐकूच गेलेलं नाही! ती आपली विचारते, बरोबरीनं चालता चालता आपण हे कुठे येऊन पोचलो?

प्रेमगीतांच्या कुठल्याही यादीत हे गाणं हमखास असतं. त्यातला तो दुसऱ्या बाईचा नवरा आहे आणि ती दुसऱ्या पुरुषाची बायको, हे मात्र यादी करणारे विसरून गेलेले असतात. विसरायला लावणं हीच या गाण्याची खरी करामत. माझं या गाण्यावर मनापासून प्रेम आहे, आणि त्याच्यावर माझा रागही आहे. दोन्ही बरीच वर्षं सुखानं एकत्र नांदताहेत.

आधी प्रेमाबद्दल. चित्रपट 1981 सालचा, यश चोप्रांचा. संगीत शिव-हरींचं, म्हणजे संतूरवादक शिवकुमार शर्मा आणि बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया यांचं. संगीतकार जोडी म्हणून हा त्यांचा पहिला चित्रपट. तोवर सलीम-जावेद या पटकथाकार जोडीतले अर्धे म्हणून ठाऊक असलेले जावेद अख्तर गीतकार म्हणून इथेच पहिल्यांदा समोर आले. म्हणजे चाल बांधणारे या धंद्यात नवे, शब्द लिहिणारा नवा, आणि या गाण्यात मुख्य पुरुषपात्र गाणारं नाही. या सगळ्या नवखेपणात जुनी जाणती एकच, लताबाई. 1929 चा जन्म, म्हणजे पन्नाशी पार. 1942 पासून गात असलेल्या.

त्या वयात, त्या कीर्तीवर, परक्याच्या नवऱ्यावर जीव जडलेल्या बाईचं गाणं त्या गातात आणि त्यात कुठेही चोरटेपणा येत नाही. कुजबुज नाही, उसासे नाहीत, ‘बघा मी कशी वाहवत चालले’ असा नखरा नाही. याच विषयावरचं गाणं एखाद्या खट्याळ, मादक आवाजात असतं तर ऐकणारा लगेच सावध झाला असता. बाई कोण, कुठली, मनातल्या मनात ठरवून मोकळा झाला असता. इथे ती सोयच नाही. कारण हाच आवाज ‘मोगरा फुलला’ गाणारा. पहाटे देवघरापर्यंत जाणारा, पाहुण्यांसमोर बिनदिक्कत लावता येणारा. ‘तू शरीर, मी तुझी सावली’ अशा अर्थाची ओळ त्या आवाजात आली की ती पत्नीची वाटते, भक्ताची वाटते, कुणाचीही वाटते. ‘दुसरी’ची वाटत नाही. निषिद्ध प्रेम लताबाईंनी अलगद सोवळ्यात नेऊन बसवलं. त्यांनी ते मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्या फक्त सुरात गायल्या. बाकीचं काम चाळीस वर्षांच्या पुण्याईनं केलं.

त्या सोवळ्याचा परिणाम कुठवर पोचला आहे ते अलीकडे एका लग्नाच्या रौप्यमहोत्सवी वाढदिवसाला पाहिलं. हॉल, कराओके, उत्सवमूर्ती जोडपं. नवरोबांनी माईक हातात घेतला, साउंडवाल्याला खुणेनं ‘एको वाढव’ म्हणून सांगितलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि मोबाईलवर बघून छातीतल्या आवाजात तनहाई सुरू केली. बायको पैठणीत, पदर सावरत, ध्रुवपदाची वाट बघत उभी. पहिल्या रांगेत दोघांच्या आया, मागे मुलं, व्याही, ऑफिसातली मंडळी. तिसऱ्या बोलण्यात तो माणूस ‘जगाच्या रीती मोडून टाकू, आपल्यातली भिंत पाडू, लोकांना सांगून टाकू’ असं म्हणतो. तिथे हॉलमध्ये जी शिट्टी पडली ती त्याच्या सख्ख्या मेव्हण्याची होती. पंचवीस वर्षं रीतसर संसार केलेल्या माणसानं शेजारी उभ्या असलेल्या लग्नाच्या बायकोला सांगावं की चल, लोकांना सांगून टाकू! कुणाला सांगणार बाबा? पत्रिका छापून झाली होती की तेव्हाच.

मी हसले नाही, म्हणजे उघड नाही. त्यांनी म्हटलंही छान होतं. पण घरी येताना गाडीत तो तिसरा तुकडा डोक्यातून जाईना.

गाण्यात त्याचं बोलणं तीन टप्प्यांत येतं. पहिल्यात तो तिची कल्पना करतो: तू असतीस तर. दुसऱ्यात त्याला भास होतात: ही रात्र की तुझे मोकळे केस, हा चंद्रप्रकाश की तुझी नजर, ही पानांची सळसळ की तू हळूच काही बोललीस. आणि त्याच दमात तो कबूलही करतो की तू इथे नाहीस, कुठेच नाहीस, हे मला ठाऊक आहे. इथवर माझी काहीच तक्रार नाही. एवढं जागेपणी पाहिलेलं स्वप्न हिंदी गाण्यात क्वचित लिहिलं गेलं असेल. तिसऱ्या टप्प्यात मात्र शायर हिशेब मांडतो. परिस्थितीनं लाचार मीही आणि तूही. एकटेपणाची रात्र इथेही आणि तिथेही. सांगण्यासारखं खूप आहे, पण सांगायचं कुणाला?

इथेच मी अडते. एकटेपणाची रात्र ‘इथे’ म्हणजे कुठे? इथे तर त्याचं घर आहे. त्या घरात त्याची बायको, शोभा आहे. ‘तिथे’ म्हणजे त्याच्या प्रेयसीच्या, चांदनीच्या घरी तिचे यजमान डॉक्टर आनंद आहेत. हे गाणं दोन एकांत मोजतं, पण त्या दोन छपरांखाली माणसं चार आहेत, आणि त्या रात्री चौघांनाही झोप लागलेली नसणार. शोभाची गोष्ट आठवून बघा. तिचं प्रेम होतं अमितच्या, म्हणजे या तनहाईवाल्याच्या मोठ्या भावावर. तो हवाई दलात, लढाईत गेला. ती त्याच्या मुलाची आई होणार होती म्हणून अमितनं तिच्याशी लग्न केलं, आणि पुढे अपघातात ते मूलही गेलं. प्रियकर गेला, मूल गेलं, आणि ज्यानं हात दिला त्याचं मन दुसरीकडे. तनहाईवर कुणाचा हक्क असेल तर तो या बाईचा. पण कविता मिळाली अमितला. चित्रपटात तो पेशानं लेखक आहे. शब्द त्याच्या घरचेच.

युगुलगीताचा साचा आड येतो तो इथे. एकट्यानं गायलेलं विरहगीत असतं तेव्हा आपण त्या माणसाच्या डोक्यात असतो. तो चुकतही असेल, वेडाही असेल, स्वतःला फसवत असेल. हे सगळं जमेस धरून आपण ऐकतो. दोन आवाज आले की त्या गोष्टीवर दोन साक्षीदारांच्या सह्या होतात. तोही म्हणतो, तीही म्हणते, म्हणजे खरंच असणार. ज्याला या साच्यात कडवं नाही तो माणूसच मग उरत नाही. त्याची ‘परिस्थिती’ होते. रीत होते. भिंत होते. शायरानं भिंत पाडायची म्हटलं तेव्हा ती भिंत म्हणजे साडी नेसलेली एक बाई आहे, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

(त्या चित्रपटातल्या पात्रनिवडीवरून पडद्याबाहेर चार दशकं जे चघळलं गेलं, त्यात मला रस नाही. त्या गॉसिपनं उलट हे गाणं नीट ऐकण्याची संधी घालवली. लोक गाणं बघतात आणि नटनट्यांचे चेहरे वाचत बसतात.)

गंमत म्हणजे चोप्रांच्याच घरात याला एक उतारा होता. थोरले भाऊ बी. आर. चोप्रा यांनी 1963 मध्ये ‘गुमराह’ काढला होता. त्यातली मीना बहिणीच्या मृत्यूनंतर, तिच्या मुलांसाठी, मेव्हण्याशीच लग्न करते आणि तिचा प्रियकर मागे राहतो. एका भावाच्या गोष्टीत बहीण मरते, दुसऱ्याच्या गोष्टीत भाऊ. दोन्हीकडे लग्न होतं ते कुणाच्या तरी मरणानं ओढवलेलं कर्तव्य म्हणून. (हिंदी चित्रपटाला विवाहबाह्य प्रेम दाखवायचं झालं की आधी कुणाचा तरी बळी द्यावा लागतो, त्याशिवाय प्रेक्षक प्रेमिकांना माफ करत नाहीत, असा माझा आपला एक आडाखा आहे.) ‘गुमराह’मधलं गाणं सर्वांना ठाऊक आहे: ‘चलो इक बार फिर से’. साहिर लुधियानवींचे शब्द, रवींची चाल, महेंद्र कपूरांचा आवाज. कपूरांना त्यासाठी फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. एकट्याचं गाणं. पण सुनील दत्त ते पियानोवर गातो तेव्हा मीनाचा नवरा, म्हणजे अशोककुमार, तिथेच बसलेला आहे. तिसरा माणूस खोलीत आहे, ऐकतो आहे. आणि गाणाऱ्याचं मागणं काय, तर आपण दोघं पुन्हा अनोळखी होऊ या. ज्या गोष्टीला शेवटापर्यंत नेणं शक्य नाही तिला एखादं देखणं वळण देऊन सोडून देऊ या. म्हणजे एकट्यानं गाताना साहिरचा प्रियकर निदान दार मिटून घ्यायला तयार आहे. अठरा वर्षांनी धाकट्या भावाच्या चित्रपटातला प्रियकर भिंत पाडायला निघतो, आणि तेव्हा तिसऱ्याला खोलीत ठेवलेलंच नाही.

कायद्यातही हीच तऱ्हा होती, हे फार उशिरा वाचनात आलं. 1860 च्या भारतीय दंड संहितेतलं 497 कलम. विवाहित स्त्रीशी तिच्या नवऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद. तक्रारीचा हक्क त्या स्त्रीच्या नवऱ्याला. स्त्रीला शिक्षा नाही. आणि संबंध ठेवणाऱ्या पुरुषाच्या बायकोला? तिला या कलमाखाली तक्रारच करता येत नव्हती. म्हणजे 1981 साली डॉक्टर आनंद फिर्याद देऊ शकले असते, पण शोभा पोलीस ठाण्यात गेली असती तर हवालदारानं पाणी विचारून घरी पाठवलं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं 27 सप्टेंबर 2018 रोजी हे कलम रद्द केलं. बायको ही नवऱ्याची मालमत्ता नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता. तो योग्यच. पण शोभाला त्या कायद्यात कडवं नव्हतं, आणि कायदा गेला तेव्हाही चर्चा तिची झाली नाही.

आमच्या जुन्या ऑफिसात माझी एक मैत्रीण होती. नाव सांगत नाही. एका लग्न झालेल्या माणसावर तिनं कितीतरी वर्षं प्रेम केलं. तोही करत होता, माझी खात्री आहे. या गोष्टीत कुणी लबाड नव्हतं. तिला हे गाणं अजिबात सहन व्हायचं नाही. रेडिओवर लागलं की उठून बंद करायची. मला आधी वाटायचं फार लागत असेल म्हणून. एकदा चहा पिताना विचारलं, तर म्हणाली, “अगं, त्याला तनहाई कसली? त्याच्या घरी दार उघडायला माणूस आहे. रविवारी संध्याकाळी मी ज्या खोलीत बसते ना, तिच्यात ये एकदा. तिथे कविताबिविता सुचत नाही. कपड्यांना इस्त्री करते मी.”

त्याला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा तिला बातमी कळली ती नोटीस बोर्डाशी, इतरांबरोबर. भेटायला जायचं तर एकटीनं जाणं बरं दिसणार नाही, म्हणून आम्ही सहाजणी निघालो. शहाळी कुणी घ्यायची यावरही चर्चा झाली. तिनं घेतली नाहीत. खोलीत खुर्ची एक आणि स्टूल एक. आम्ही सगळ्या पलंगाच्या पायथ्याशी दाटीवाटीनं उभ्या. त्याची बायको जागरणानं सुजलेल्या डोळ्यांनी प्रत्येकीला तेच तेच सांगत होती: किती वाजता दुखायला लागलं, शेजाऱ्यांनी गाडी कशी काढली, डॉक्टर काय म्हणाले. मग तिचं लक्ष माझ्या मैत्रिणीकडे गेलं. ती पांढरीफटक पडली होती. “तुम्ही बसा हो, तुम्हाला उन्हाचा त्रास झालेला दिसतोय,” असं म्हणून त्या माउलीनं स्वतःच्या बुडाखालचं स्टूल काढून तिच्याकडे सरकवलं. ती बसली. त्यानं डोळे मिटून घेतले. बायको उभी राहिली.

तिला काही ठाऊक होतं का, हे मला आजतागायत सांगता येणार नाही. पण ‘लोकांना सांगून टाकू’ ही ओळ ऐकली की मला ते स्टूल दिसतं. गाण्यात तो तसं म्हणतो. म्हणतो, बरं का, फक्त. त्यापुढे बाई पुन्हा ध्रुवपद गाते आणि गाणं संपतं.

लग्नाबाहेरचं प्रेम गाणं आपल्याला काही नवं नाही. राधा कुणाची बायको, हे गवळण ऐकताना आपण विचारत नाही. अनयाची, हे माहीत असूनही. नाथांच्या गवळणी ज्या मुखानं म्हणायच्या त्याच मुखानं पोरीबाळींना उंबऱ्याच्या आत राहायला सांगायचं, यात आपल्याला विसंगती वाटली नाही, कारण तिकडे देव आहे. अनयाला गवळणीत ओळ नाही. सासू-नणंदा येतात, त्याही राधेच्या तक्रारीपुरत्या. लावणीतली बाई ज्या रावजींची वाट बघते त्यांचं घर कुठे, घरात कोण, हे लावणी क्वचितच सांगते. तेव्हा जावेद अख्तरांनी काही नवा गुन्हा केला असं नाही. फक्त त्यांच्या गाण्यात देवही नाही आणि फडही नाही. आपल्यासारख्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या चार माणसांची गोष्ट आहे. म्हणून जास्त टोचते.

‘सिलसिला’त लताबाईंच्याच आवाजात मीरेचं एक भजनही आहे: ‘जो तुम तोड़ो पिया’. तू तोडलंस तरी मी तोडणार नाही. नवऱ्याचं मन उडालेल्या बायकोची बाजू त्या चित्रपटात कुठे ऐकू येत असेल तर ती इथे. पण बघा कशी येते: एकटीच्या आवाजात, शतकांपूर्वीच्या उसन्या शब्दांत, देवाच्या आडोशानं. प्रियकराला ताजी कोरी कविता, पत्नीला भजन. त्यातही एक चिमटा आहेच. ज्या मीरेचे शब्द पातिव्रत्यासाठी वापरले, ती स्वतः मेवाडच्या भोजराजाची पत्नी. आणि जगाच्या नजरेनं पाहिलं तर लग्नाच्या नवऱ्याला सोडून दुसऱ्यावरच जीव जडवून बसलेली. हे ज्यानं निवडलं त्याला ही गंमत दिसली होती की नाही, कोण जाणे.

शोभासारख्या बायकांची स्वतःची गाणी कुठे असतील तर ती जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. अशा ओव्यांमध्ये सवतीचा विषय पुन्हा पुन्हा निघतो, आणि तो भजनासारखा नमून निघत नाही. शिव्या आहेत, टोमणे आहेत, नवऱ्याची चव्हाट्यावर काढलेली अब्रू आहे, कधी सवतीबद्दल अनपेक्षित माया आहे. शिवाय जड जातं एकटीनं ओढवत नाही. समोरासमोर दोघी बसतात, एकाच खुंट्याला दोघींचे हात; एकीनं ओवी टाकायची, दुसरीनं उचलायची. याला कुणी युगुलगीत म्हणत नाही. माझ्या लेखी आहे.

म्हणून मला राहून राहून वाटतं की ‘सिलसिला’त आणखी एक गाणं हवं होतं, शोभा आणि चांदनीचं, दोघींचं. अमितला त्या वेळात बाहेर चहा प्यायला पाठवावं. दोन नायिकांची जुगलबंदी हिंदी चित्रपटाला अनोळखी नव्हती. अडचण एवढीच की तिथे प्रेयसीचा आवाजही लताबाईंचा आणि भजनातली पत्नीही लताबाईच. दोघी एकमेकींपुढे उभ्या राहिल्या असत्या तर दुसऱ्या माईकवर आशाबाईंना बोलवावं लागलं असतं. मग कुणी कुणासाठी गायचं? रूढ वाटपानं गेलो तर घरची लताबाई, बाहेरची आशाबाई. मी उलट करीन. चांदनी लताबाईंकडेच राहू दे. बायको आशाबाईंना द्यावी. कारण त्या गाण्यात चिडायचं बायकोला आहे.